कर्ज नको, रजा काढा

पत्र : मॅडम, मी चाकणला एका कंपनीत कंत्राटावर आहे. हातात १७ हजार पडतात. गाव परभणी जिल्ह्यात, जिंतूर तालुक्यात. घरी आईवडील, अडीच एकर कोरडवाहू, बहीण आणि यंदा दहावी झालेला धाकटा भाऊ. बहीण दहावीपर्यंत मराठी माध्यमात होती. तालुक्याच्या कॉलेजातून बारावी सायन्स केलं, ७८ टक्के पडले. इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेला, सीईटीला, मात्र ६८ पर्सेंटाइल. फिजिक्स ४१, केमिस्ट्री ७७, मॅथ्स ७९. अकरावीला वर्षभर फिजिक्सला सर नव्हते. बारावीला तासिका तत्त्वावरचे आले, तेही दिवाळीनंतर. चुलत्यांचा मुलगा लातूरला इंटिग्रेटेडला, म्हणजे कॉलेज आणि क्लास एकत्र असतो तिथे होता, त्याला ९४. चुलते भावकीत सांगत फिरतायत, पोरीला अडुसष्ट टक्केच पडले, आता स्थळं बघा. ती म्हणते, ‘दादा, मी ढ आहे, पैसे घालवू नको.’ दीड लाखाचं पर्सनल लोन काढून तिला लातूरला रिपीटर बॅचला घालायचा माझा विचार आहे. फायनान्सवाला १४ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी द्यायला तयार आहे. ही परीक्षाच अन्यायाची आहे असं तिला सांगू का? की त्याने ती आणखी खचेल? आम्ही ओबीसी आहोत. जातीचा दाखला आहे, पण त्याच्या पडताळणीचं प्रमाणपत्र, व्हॅलिडिटी, नाही. कॉलेजात कुणी सांगितलंच नाही.
— एक भाऊ, चाकण

उत्तर :

तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही अगदी शेवटी, सहज लिहून टाकली आहे. व्हॅलिडिटी नाही. लातूर, लोन आणि चुलते या तिन्हींपेक्षा ती जड आहे. तिच्याकडे येतेच, पण आधी बहिणीच्या स्कोअरकार्डाबद्दल बोलू. ते तुम्ही मला लिहून पाठवलंत, पण स्वतः नीट वाचलं नाहीत असं वाटतं.

मी आयुष्यभर ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवलं. गुणपत्रक हातात आलं की माझी नजर बेरजेआधी विषयांवर जाते. मॅथ्स ७९, केमिस्ट्री ७७, फिजिक्स ४१. ज्या मुलीला अभ्यासच झेपत नाही तिचं कार्ड असं दिसत नाही, ती सगळीकडेच अडखळते. इथे दोन विषय एका पातळीवर आहेत आणि तिसरा एकदम खाली. तो नेमका तोच, ज्याला दीड वर्ष शिक्षक नव्हता. हे कार्ड तिच्यापेक्षा तिच्या कॉलेजबद्दल जास्त बोलतं. तिची समजूत घालायला गोड बोलायची गरज नाही. तीन आकडे तिच्यासमोर ठेवा आणि विचारा, फिजिक्सचे सर कधी आले होते गं? मॅथ्सला ७९ मिळवणाऱ्या मुलीला पुढचं सांगावं लागत नाही.

चुलत्यांनाही एक गोष्ट सांगता आली तर सांगा, नाहीतर सोडून द्या. ६८ पर्सेंटाइल म्हणजे ६८ टक्के नव्हे. तिच्या सत्रात जितकी मुलं बसली, त्यांतल्या दर शंभरांत साधारण अडुसष्ट तिच्या मागे आहेत. सीईटीच्या पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) गटाला अलीकडे तीन ते चार लाख मुलं बसतात. म्हणजे दोन लाखांहून जास्त मुलं तिच्या मागे आहेत, पुढे लाख-सव्वा लाख, आणि राज्यात इंजिनिअरिंगच्या जागा दीड लाखाच्या वर आहेत. तिला जागा मिळणार. कुठली, हा प्रश्न उरतो, आणि तो लोन काढून सुटणारा नाही.

आता तुमचा मोठा प्रश्न. परीक्षा अन्यायाची आहे का?

पेपरची काठिण्यपातळी सगळ्यांना एका मापात आणायची धडपड केली जाते, वेळ सारखी असते, तपासणारं कॉम्प्युटर आडनाव आणि गाव बघत नाही. इतपत ती न्याय्य आहे आणि ही लहान गोष्ट नाही. पण ती मोजते काय ते बघा. फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे मिळून १०० प्रश्न, वेळ ९० मिनिटं. एका प्रश्नाला ५४ सेकंद. मॅथ्सचे ५० प्रश्न, तेही ९० मिनिटांत. बोर्डात ७० गुणांच्या लेखी पेपरला तीन तास असतात, पायऱ्यांना गुण असतात, सूत्र लिहिलं तरी अर्धा गुण पदरात पडतो. तुमची बहीण दोन वर्षं त्या पेपरसाठी तयार झाली. ५४ सेकंदांत उदाहरण सोडवायला वेळच नसतो, ते ओळखावं लागतं. या नमुन्याचं गणित आधी पन्नासदा केलेलं असावं लागतं, कुठले दोन पर्याय बघताक्षणी बाद करायचे ते हाताला माहीत असावं लागतं. हे बुद्धीने थोडं आणि सरावाने पुष्कळ येतं, आणि सराव लातूरला, पुण्याला, संभाजीनगरला विकत मिळतो. तुमच्या चुलतभावाने तो घेतला. त्यात त्याचा दोष नाही, त्याने मेहनतही केलीच असेल. पण तो दर आठवड्याला कॉम्प्युटरवर टेस्ट देत होता, आणि माऊस हातात धरून तीन तासांचा पूर्ण पेपर तुमच्या बहिणीने परीक्षेआधी किती वेळा सोडवला होता, हे तिला एकदा विचारा. त्यात दहावीपर्यंत मराठीतून शिकून अकरावीला एकदम इंग्रजी पुस्तकं. पहिले सहा महिने अशी मुलं विज्ञान शिकत नसतात, वाक्यं लावत असतात. मी हे वर्गात वर्षानुवर्षं पाहिलं आहे.

तुमच्या घरी कोरडवाहू आहे म्हणून तुम्हाला पटकन कळेल. बाजार समितीचा काटा खोटा नसतो, पण कोणाच्या विहिरीला पाणी होतं हे तो विचारत नाही. चुलत्यांच्या मुलाचं पीक जास्त आलं हे खरं. त्यावरून तुमची जमीन नापीक ठरत नाही.

हे मी एकटी म्हणत नाही. जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नीटच्या, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेच्या, अखिल भारतीय कोट्यातलं ओबीसी आरक्षण कायम ठेवलं, त्या निकालपत्रात हाच मुद्दा आहे. खुली स्पर्धा परीक्षा कागदावरची समान संधी देते. घरातल्या पैशाचा, शिक्षणाचा, ओळखीपाळखीचा जो फायदा काही मुलांना मिळालेला असतो, तो परीक्षेच्या गुणांत दिसत नाही, पण मिसळलेला असतो. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि ए. एस. बोपन्ना यांच्या खंडपीठाचा तो निकाल. बहिणीला वाचायला द्या, इंग्रजी आहे पण तिला झेपेल.

मग परीक्षाच बंद करावी का? तमिळनाडूने २००७ पासून इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा बंद केली, तिथे बारावीच्या गुणांवर प्रवेश होतात. मेडिकलला नीट टाळता येईना, तेव्हा २०२० मध्ये सरकारी शाळांत शिकलेल्या मुलांसाठी साडेसात टक्के जागा वेगळ्या काढल्या. ही दुसरी गोष्ट आपल्याकडे व्हावी असं माझं ठाम मत आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आणि शिक्षक नसलेल्या ज्युनिअर कॉलेजातून आलेल्या मुलीला त्या प्रवासाचे काही गुण मिळाले पाहिजेत. पहिल्या गोष्टीबद्दल मात्र माझं मन तयार होत नाही. आपल्याकडची बारावीची काही केंद्रं तुम्हालाही ठाऊक असतील. भिंतीवरून चिठ्ठ्या येतात, ‘कॉपीमुक्त अभियान’ दर वर्षी नव्याने सुरू करावं लागतं. नुसत्या बोर्डाच्या गुणांवर प्रवेश झाले तर तुमच्या बहिणीचे प्रामाणिक ७८ त्या केंद्रांवरच्या ९० पुढे हरतील. तिथेही भरडली जाणार ती गरीब आणि सरळ मुलगीच. तेव्हा सीईटी राहू दे, पण तिच्या आकड्याला मुलीची पूर्ण किंमत समजू नका.

बहिणीला हे सगळं सांगा, लपवू नका. ‘तू ढ आहेस’ यापेक्षा ‘तुला दीड वर्ष फिजिक्स शिकवलंच नाही’ हे ऐकून कोणी खचत नाही. फक्त तिथेच थांबू नका, कारण इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला हा जमाखर्च कोणी विचारत नाही. तिथे अकरावी-बारावीचं फिजिक्स येतं असं धरूनच शिकवतात. गावाकडच्या हुशार मुलींना पहिल्याच सेमिस्टरला केटी लागताना, म्हणजे विषय राहताना, मी पाहिलं आहे, आणि मग त्यांनाही वाटू लागतं की भावकी म्हणत होती तेच खरं. प्रवेशाच्या फेऱ्या चालू असताना मधले जे आठवडे मिळतात, त्यांत तिने फिजिक्स पहिल्यापासून करावं. बालभारतीची अकरावी-बारावीची पुस्तकं संकेतस्थळावर फुकट उतरवता येतात. केंद्र सरकारने आयआयटी कानपूरच्या मदतीने ‘साथी’ नावाचं पोर्टल काढलं आहे, तिथली व्याख्यानंही फुकट आहेत. रोज दोन तास, फक्त फिजिक्स.

आता लोन. दीड लाख, १४ टक्के, तीन वर्षं, म्हणजे महिन्याला ५,१०० रुपयांच्या वर हप्ता आणि एकूण परतफेड १ लाख ८४ हजारांच्या घरात. १७ हजारांतून हप्ता गेला की उरतात बारा हजारांच्या आत. त्यात चाकणची खोली, तुमचं जेवण आणि गावाकडे पाठवायचे पैसे. उद्या कंत्राट नूतनीकरण झालं नाही तर? लातूरला मी नावं ठेवत नाही. त्या गावाने मराठवाड्यातल्या मुलांना राज्यात मान वर करून उभं केलं. रिपीटर बॅचने बहिणीचे गुण वाढतीलही. पण एक वर्ष आणि पावणेदोन लाखांवर रुपये घालून जे मिळेल ते बहुधा थोडं बरं कॉलेज किंवा हवी ती ब्रँच असेल. सुखवस्तू घराला हा डाव परवडतो. तुम्हाला नाही. आणि मुलगी स्वतः नको म्हणते आहे. कर्जाचा हप्ता भावाच्या पगारातून जातोय हे डोक्यात ठेवून ती तिथे काय अभ्यास करणार? लोन काढू नका.

कारण खर्चाचं मोठं ओझं तसंही तुमच्यावर पडत नाही. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. प्रवेश कॅप फेरीतून, म्हणजे सरकारी केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्याला हे नाही, खासगी अभिमत विद्यापीठांनाही नाही. डेव्हलपमेंट फी, होस्टेल, मेस हे वेगळं. काही कॉलेजं ‘आत्ता पूर्ण फी भरा, शासनाकडून आली की परत देऊ’ म्हणतात. तेव्हा शासन निर्णयाची प्रत दाखवा, तरी ऐकलं नाही तर तसं लेखी द्या म्हणा. लेखी कोणी देत नाही आणि बहुतेक वेळा विषय तिथेच मिटतो. राहण्याजेवणासाठी ओबीसी मुलांना ‘ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना’ आहे, पुण्या-मुंबईसारख्या शहरांत वर्षाला ६० हजारांपर्यंत मिळतात. जागा मोजक्या आहेत, अर्ज मात्र करायचाच.

हे सगळं ज्या एका कागदावर अडू शकतं, तो तुमच्याकडे नाही.

माझ्या मते गरीब घरातल्या मुलांची खरी हार पेपरपेक्षा त्यानंतरच्या कागदपत्रांत होते. २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातल्या मुझफ्फरनगर जिल्ह्यातल्या एका मजुराच्या मुलाला आयआयटी धनबादला जागा लागली. भरायचे होते १७,५०० रुपये. गावातून गोळा करेपर्यंत मुदतीची शेवटची मिनिटं आली, पैसे वेळेत जमा झाले नाहीत, जागा गेली. सर्वोच्च न्यायालयाने घटनेच्या कलम १४२ खालचे खास अधिकार वापरून त्याला प्रवेश द्यायला लावला, तेव्हा तो आत गेला. जेईई ॲडव्हान्स्ड पार करणारा मुलगा एका मुदतीपाशी अडला. आपल्या जिल्ह्यांत असे शेकड्याने अडतात, आणि ते दिल्लीपर्यंत पोहोचत नाहीत.

म्हणून लोनऐवजी रजा काढा. बिनपगारी लागली तरी काढा, दीड लाखापेक्षा स्वस्त पडेल.

पहिली रजा व्हॅलिडिटीसाठी. जात पडताळणीचा अर्ज ऑनलाइन भरून जिल्ह्याच्या समितीकडे द्यायचा असतो. बारावीच्या मुलांना कॉलेजच्या प्राचार्यांचं पत्र लागतं, ते आधी घ्या. ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा दाखवावा लागतो, म्हणजे आजोबांचा किंवा पणजोबांचा शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, जन्म-मृत्यूची नोंद, असं काही. पण त्याहून मोठा आधार म्हणजे वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकाची आधीच मिळालेली व्हॅलिडिटी. चुलतभाऊ लातूरला इंटिग्रेटेडला होता, तिथे हे कागद अकरावीतच करून घेतात. त्याची व्हॅलिडिटी निघालेली असण्याची शक्यता मोठी आहे. तेव्हा चुलत्यांच्या घरी जा, पाया पडा, मुलाचं अभिनंदन करा आणि त्याच्या व्हॅलिडिटीची झेरॉक्स व वंशावळीचं प्रतिज्ञापत्र मागा. टक्के-पर्सेंटाइलचा वाद त्या दिवशी काढू नका. अर्ज दाखल झाला की पावती मिळते. गेली काही वर्षं पावतीवर फेरीत भाग घेऊ देतात आणि प्रमाणपत्राला मुदत देतात. यंदाची मुदत माहितीपुस्तिकेत बघून भिंतीवर लिहून ठेवा. मुदत चुकली तर तिची गणना खुल्या प्रवर्गात होते आणि लागलेली जागा हातची जाऊ शकते. नॉन-क्रिमीलेअर आणि उत्पन्नाचा दाखला त्याच खेपेत सेतू केंद्रातून काढा, जुने असतील तर तारखा तपासा.

दुसरी रजा अर्जासाठी. नेटकॅफेत बहिणीला एकटीला पाठवू नका. तिथला माणूस स्वतःचाच मोबाईल नंबर टाकतो आणि पुढचे ओटीपी त्याच्याकडे जातात. त्याहून सावध राहायचं ते ‘फॉर्म फुकट भरून देतो’ म्हणणाऱ्यांपासून. त्यांतले काही खासगी कॉलेजांचे एजंट असतात, पसंतीक्रमात त्यांचंच कॉलेज वर जातं. कागद तपासायला शासकीय तंत्रनिकेतनातल्या सुविधा केंद्रावर जा. तिथली माणसं सगळी गोडच असतात असं नाही, पण एजंट नसतात.

पसंतीक्रम भरण्याआधी गेल्या वर्षीचे कट-ऑफ सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावरून उतरवा. त्या तक्त्यात ‘एल-ओ-बी-सी’ने सुरू होणारे रकाने बघा, ते ओबीसी मुलींचे. मुलींसाठी ३० टक्के जागा असतात, त्यामुळे हे आकडे खुल्या रकान्यापेक्षा बऱ्याचदा खाली दिसतील. आणखी एक गोष्ट घरात कोणी सांगत नाही. विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांत जागांचा मोठा वाटा त्याच विद्यापीठाच्या हद्दीत बारावी झालेल्या मुलांना जातो. तुमची बहीण नांदेडच्या विद्यापीठाच्या हद्दीतली. पुण्यात कॉलेजांची गर्दी आहे खरी, पण तिथे ती बाहेरची. म्हणून नुसती पुण्याची नावं भरू नका. संभाजीनगर, अमरावती, यवतमाळ, चंद्रपूरची शासकीय कॉलेजं, नांदेडचं श्री गुरू गोविंदसिंहजी, यांतल्या ब्रँचेस आधी मनापासून हव्या त्या क्रमाने टाका, मग खासगी. काही जागा आवाक्याबाहेरच्या दिसतील, तरी वर टाकायला काही जात नाही. कॉम्प्युटरचाच हट्ट असेल तर तिच्याशी बोला. चांगल्या शासकीय कॉलेजातलं इलेक्ट्रिकल हे गल्लीतल्या कॉम्प्युटरपेक्षा मला केव्हाही बरं वाटतं, पण चार वर्षं तिला काढायची आहेत. आणि लागलेली जागा स्वीकारल्याचं ऑनलाइन कळवून तिची ठरलेली फी दिलेल्या तारखेच्या आत भरायची. रात्रपाळी असली तर मोबाईलवर गजर लावा.

राहिला धाकटा. त्याच्यासाठी तुमच्याकडे दोन वर्षं आहेत, आणि घरातल्या कोणाहीपेक्षा त्याचं नशीब चांगलं आहे, कारण त्याच्या आधी बहीण हे सगळं करून गेलेली असेल. दहावी होऊन अकरावी सायन्सला जाणाऱ्या ओबीसी मुलांसाठी नागपूरची ‘महाज्योती’ संस्था सीईटी, जेईई, नीटचं ऑनलाइन प्रशिक्षण फुकट देते, बरोबर टॅब आणि इंटरनेट डेटाही. जाहिरात निघाली की अर्जाला मुदत थोडी असते. त्याची व्हॅलिडिटी बारावीची वाट न बघता अकरावीतच टाका, बहिणीची निघाली की सोपं जाईल. अकरावीचे प्रवेश आता राज्यभर ऑनलाइन झाले आहेत. पसंतीक्रम भरायच्या आधी जिंतूरच्या आणि परभणीच्या दोन-तीन कॉलेजांत स्वतः जाऊन या. इमारत, निकालाचे फलक, टॉपरचे फोटो यांत वेळ घालवू नका. ऑफिसात विचारा, फिजिक्सला कायमचे शिक्षक आहेत का, त्यांचं नाव काय, आणि ते आज वर्गावर आहेत का.